अण्णा उशिरा उठू लागला

ज्याच्या मनगटावर दोन देशांची वेळ असते, तो माणूस जगात कुठंच परका नसतो.

हे वाक्य माझं नाही. माझ्या वडिलांचं आहे, आणि त्यांनी ते घड्याळाबरोबर आलेल्या पुस्तिकेतून घेतलं होतं. पुस्तिका इंग्रजीत होती आणि तिचं मराठी मी करून दिलं होतं. मूळ वाक्य समुद्र ओलांडणाऱ्या वैमानिकांविषयी होतं. आप्पांनी वैमानिक वगळले. त्यांचा स्वतःचा सर्वांत लांबचा प्रवास तोवर मिरजेपर्यंत झाला होता, तोही एका लग्नासाठी.

घड्याळ माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, आणलं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो एका कारखान्यात इंजिनिअर होता. गेल्यावर काही वर्षांनी एकदाच आला, सगळ्यांना वस्तू वाटल्या आणि परत गेला. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, इस्त्री न लागणारी साडी मिळाली. मला एक पेन. आप्पांना हे स्विस घड्याळ. ते सत्तरीच्या दशकाचे मधले दिवस होते, आणि सोलापुरात मनगटी घड्याळ म्हटलं की लग्नात जावयाला देतात ते. हे त्यातलं नव्हतं. पोलादी, जड, चावी न देता हाताच्या हालचालीवर चालणारं. तारखेवर एक भिंगाचा टिपका. नेहमीचे तीन काटे, आणि शिवाय एक चौथा, टोकाला बाण असलेला, जो दिवसातून एकदाच फेरी मारायचा. तबकडीभोवती एक कडं, अर्धं लाल, अर्धं निळं, चोवीस तासांचे आकडे कोरलेलं. लाल म्हणजे दिवस, निळं म्हणजे रात्र. ते कडं बोटांनी फिरवून परदेशाच्या वेळेला लावायचं, की चौथा काटा त्या कड्यावर तिथली वेळ दाखवतो. आपली वेळ आत, त्यांची बाहेर.

कडं लावताना पहिलीच अडचण आली. स्वित्झर्लंडमधल्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर जे देश होते ते एकमेकांपासून पूर्ण तासांवर होते. आपण अर्ध्या तासावर आहोत. तो अर्धा तास अण्णानं जाण्याआधी दोन खुणांच्या मधोमध नजरेनं बसवून दिला आणि कड्याला हात लावू नका म्हणून सांगितलं. आप्पांनी त्याचा अर्थ असा घेतला की घड्याळालाच कुणी हात लावायचा नाही.

आप्पांची सगळी नोकरी गिरणीच्या टाइम ऑफिसात गेली होती. भोंगा झाल्यावर आत येणाऱ्या कामगाराचं तोंड ते बघत नसत, फक्त बिल्ला बघत. उशीर हा त्यांच्या लेखी दुर्गुण होता आणि त्याला कारण नसतं, फक्त सवयी असतात, असं त्यांचं मत होतं. अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर दोन वेळा दाखवणारं घड्याळ देणं म्हणजे हवालदाराला निवृत्तीनंतर दुसरं गाव बहाल करण्यासारखं होतं.

पाहुणा आला की चहाच्या आधी घड्याळाचा इतिहास येई. आप्पा हात पुढे करत आणि मी केलेलं भाषांतर पाठ म्हणत. डोंगरांमधल्या दऱ्या. सहा-सहा महिने बर्फ. गोठ्यात गुरं, घरात माणसं, बाहेर पडायची सोय नाही. मग त्या शेतकऱ्यांनी खिडकीशी बसून कानशीनं चाकं घासायला सुरुवात केली, मुलांनी बापाकडून शिकलं, नातवंडांनी मुलांकडून, आणि त्यातून हे घड्याळ जन्माला आलं. “वारसा म्हणतात त्याला,” असं आप्पा शेवटी म्हणत. खालच्या दुकानातले सुताचे व्यापारी हे अनेकदा ऐकून चुकले होते. त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, “दोन ठिकाणची वेळ सांभाळता साहेब, हजेरी दोन्हीकडं लागते की एकीकडंच?”

आप्पांना विनोद कळत नसे असं नाही. ते तो उशिरा आलेल्या कामगारासारखा दारातच उभा ठेवत.

मला त्या इतिहासात फक्त शेतकरी आवडले होते. बर्फात अडकलेल्या माणसांनी घड्याळं केली. मी इतिहासात एम.ए. होऊन दोन वर्षं घरात बसले होते आणि शेंगांची चटणी कुटत होते. आमच्या घराच्या दाराला कुलूप नव्हतं. अडकलेल्या माणसांच्या गोष्टीत नेहमी कुलूप असतं. आमच्याकडे फुलाफुलांचा पडदा होता, आणि मी तो सरकवून वाचनालयात जाऊ शकत होते, पुस्तक बदलू शकत होते आणि परत येऊ शकत होते. त्यापलीकडच्या कुठल्याही गोष्टीला एकच उत्तर होतं: अण्णाला विचारू. कुठल्या विषयात एम.ए. करावं हे अण्णाला विचारलं होतं. नळाला मोटार बसवावी का, हेही. आलेली स्थळं पत्रातून तिकडं जात आणि महिन्याभरानं नापसंत होऊन परत येत. यात माझी सोय होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की आप्पा मनगट वळवून चौथ्या काट्याकडे बघत आणि जाहीर करत, “अण्णा उठला.” अव्वा देवापाशी दिवा लावायच्या तयारीत असे. ती हातातली काडी तशीच धरून क्षणभर थांबे आणि मग दिवा लावी. हे इतकं नियमानं होई की मला ते दोघंही सुखी वाटत. पृथ्वीच्या पलीकडे मुलगा उठला, अलीकडे दिवा लागला, मध्ये गिरणीचा भोंगा. यापेक्षा चांगली व्यवस्था विश्वात असेल असं आप्पांना वाटत नसावं.

घड्याळ त्यांच्या हातावरून निघत नसे. ते पाण्याखाली चालतं असं पुस्तिकेत होतं म्हणून ते अंघोळही ते घालूनच करत. निघे ते फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला मांडतात. आप्पांकडे हत्यार म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं. पाटावर माझी पुस्तकं, अव्वाची विळी, अडकित्ता, आणि मधोमध ते घड्याळ. आप्पांनी काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, वर कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्यावर त्यांनी ओल्या फडक्यानं ते स्वतः पुसलं. विभूती बारीक असते. कड्याच्या खाचांमधून ती निघेना, म्हणून बराच वेळ पुसलं.

लगेच दुसऱ्या दिवशी मला सांगलीच्या एका कॉलेजातून नेमणुकीचं पत्र आलं. मुलाखतीला मी एका मैत्रिणीच्या लग्नाच्या निमित्तानं गेले होते. लग्न खरं होतं. जागा एका वर्षाची, तात्पुरती. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं. नाही झालं, तर जागा पुढच्या उमेदवाराला.

आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, अण्णाला विचारू. पत्रानं विचारून उत्तर यायला सुट्टी संपली असती. मी तसं म्हटलं. तेव्हा ते म्हणाले की फोन लावू. आमच्या घराच्या इतिहासात यापूर्वी परदेशी फोन फक्त आजोबा वारले तेव्हा लावला होता. मला बरं वाटलं. एखाद्या मृत्यूइतकं तरी माझ्या नोकरीला महत्त्व आलं.

पण फोन कधीही लावून चालणार नव्हता. निर्णय माणसानं सकाळी घ्यावा, डोकं शांत असतं, असं आप्पांचं म्हणणं होतं. म्हणजे अण्णाची सकाळ. ती घड्याळ सांगणार. आणि इथं एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या संध्याकाळी भोंगा झाला. अव्वा काडी धरून थांबली. आप्पांनी मनगट बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. काडी विझली. अव्वानं दुसरी ओढली.

“अण्णा उठला” हे वाक्य आलं ते आम्ही जेवायला बसल्यावर. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी अव्वानं भाकरी वाढता वाढता विचारलं, “काय ओ, पोरगं लई उशिरा उठाय लागलंय की?”

आप्पांनी घास खाली ठेवला. हे त्यांच्याही मनात होतं, पण बापानं ते आधी बोलू नये म्हणून ते गप्प होते.

मी म्हटलं, कडं सरकलं असेल. पुसताना.

आप्पांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. “हे घड्याळ समुद्रात शंभर मीटर खाली चुकत नाही,” ते म्हणाले, “ते सोलापुरात चुकेल?”

मी पृथ्वीचा गोल, रेखांश, सूर्य यांचा आधार घेतला. आप्पांनी तो शांतपणे ऐकून घेतला. ज्याला सांगलीला जायचं असतं त्याच्या रेखांशांवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या घरात प्रश्न घड्याळ बरोबर की सूर्य बरोबर असा कधी नव्हताच. घड्याळ बरोबर होतं. सूर्याशी आमचा पत्रव्यवहार नव्हता. तेव्हा चूक एकाच ठिकाणी असू शकत होती, अण्णामध्ये.

मग घरात एक नवीनच काळजी राहायला आली. सहा महिने बर्फ पडावा तशी. इतकी वर्षं भोंग्याला उठणारा मुलगा एकाएकी तीन तास उशिरा का उठतो? अव्वाला वाटलं, आजारी आहे. आप्पांना टाइम ऑफिसातल्या अनुभवावरून माहीत होतं की उशिरा उठण्याला आजार हे कारण क्वचितच असतं. रात्री जागरण होत असणार. जागरण का होतं याची दोनच कारणं त्यांच्या अनुभवात होती, आणि दोन्ही ते अव्वासमोर बोलू शकत नव्हते. अव्वानं ती दोन्ही आपोआप ओळखली. एकदा देवापाशी बसून ती कन्नडमध्ये देवाशीच बोलत होती, त्यात ‘गोरी’ हा एकच मराठी शब्द होता.

फोन लावायचा तो सुताच्या व्यापाऱ्यांच्या दुकानातून. कॉल बुक करायचा, आणि एक्स्चेंजवाल्यांच्या मर्जीनं तो लागेपर्यंत गाठोड्यांवर बसून राहायचं. पहिल्यांदा लागला तेव्हा आमची जेवणं झालेली, आप्पांच्या घड्याळात अण्णा नुकता उठलेला. तिकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. माझ्या हिशोबानं तो तेव्हा कारखान्यात आपल्या टेबलाशी बसला असणार. आप्पांच्या हिशोबानं तो गाढ झोपला होता. आणखी दोनदा असंच झालं. शनिवार-रविवारी लावू असं मी सुचवलं. सुट्टीच्या दिवशी कामाचं बोलू नये, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या वेळेला व्यापारी हळूच म्हणाले, “साहेब, घंटी इतकी वाजली तर आमच्या गोदामातला राखणदारसुद्धा उठतो.”

आप्पा गाठोड्यावरून उठले. जिन्यात मात्र, माझ्या पुढच्या पायरीवर थांबून, मागे न वळता म्हणाले, “एक हातातून गेला. आता दुसरीला कुठं पाठवू?”

मला त्या वाक्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यात राग नव्हता. आप्पा खरंच घाबरले होते. म्हणजे झालं होतं असं, की कुणाच्याही मनात नसताना, बर्फातल्या शेतकऱ्यांपासून चालत आलेल्या कारागिरीच्या एका कड्यानं मला घरात कोंडलं होतं. आणि ते कडं आप्पांच्या मनगटावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, रोज ताटावर वरण ओतताना दिसत होतं. दोन बोटांनी फिरवलं असतं तर सगळं जागच्या जागी आलं असतं. पण त्याला हात लावणं म्हणजे आप्पांचा हात धरणं. आमच्या घरात मुलगी वडिलांचा हात धरते ती सासरी जाताना.

दिवाळी जवळ आली. मी चकल्या पाडल्या. सांगलीला जायची पेटी माळ्यावरून काढली नाही. काढली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, आणि तेच मला नको होतं. पण लक्ष्मीपूजनाला घरातल्या मोलाच्या वस्तू पाटावर येतात, एवढं माझ्या डोक्यात होतं.

त्या संध्याकाळी घड्याळ पुन्हा निघालं. पाटावर अव्वाची पाटली, आजोबांचा गळ्यातलं लिंग ठेवायचा चांदीचा करंडक, लाह्या, बत्तासे, आणि घड्याळ. पुन्हा विभूती, पुन्हा कुंकू. पूजा झाली, आरती झाली. मी म्हटलं, मी पुसते. आप्पा म्हणाले, नको, आणि फडकं त्यांनीच घेतलं. मग मी फक्त समई उचलून त्यांच्या जवळ आणून ठेवली.

ते पुसू लागले. विभूती खाचांमधून निघेना. अंगठा दाबून त्यांनी फडकं गोल फिरवलं, आणि फडक्याबरोबर लाल रंग निळ्याच्या जागी गेला.

आप्पांनी फडकं उलट फिरवलं. निळा परत आला. मग त्यांनी पुन्हा एकदा, अगदी हळू, ते इकडून तिकडे फिरवून बघितलं. गिरणीत एखाद्या कामगाराचा बिल्ला खोटा आहे की काय हे ते तसेच बघत असणार.

अव्वा वाकून बघत होती. ती म्हणाली, “म्हंजे पोरगं वक्ताला उठत हुतं की.”

आणि मग, आप्पांनी मान वर केली नाही तेव्हा, ती पुढं म्हणाली, “तुमी त्याला इनाकारन झोपवून ठिवलात.”

बाहेर फटाके वाजत होते. आप्पांनी खाचेतली उरलेली विभूती नखानं काढली. माझ्याकडे बघितलं असतं तर मी काय चेहरा करायचा, याची मी तयारी करत होते. त्यांनी बघितलं नाही. कडं कुठं आणून ठेवायचं हे त्यांना आता माहीत नव्हतं. शेवटी म्हणाले, “उद्या भोंग्याला लावू.”

कडं नाही, फोन. दुसऱ्या दिवशी पाडवा. गिरणीला सुट्टी, त्यामुळे भोंगा झालाच नाही. आम्ही भोंग्याच्या वेळेचा अंदाज करून खाली गेलो. दुकानही बंद होतं, पण व्यापाऱ्यांनी आमच्यासाठी फळी उघडली आणि फराळाची ताटली गाठोड्यावर ठेवली. सणामुळे एक्स्चेंजवर गर्दी नसावी. कॉल लवकर लागला. दुसऱ्याच घंटीला अण्णानं उचलला.

त्या काळी परदेशच्या फोनवर ओरडून बोलायची पद्धत होती, आणि पलीकडचा माणूसही ओरडायचा, त्यामुळे शेजारी उभं राहिलं तरी दोन्ही बाजू ऐकू यायच्या. आप्पांनी आधी विचारलं, किती वाजता उठलास. अण्णा म्हणाला, नेहमीच्याच वेळेला, का? आप्पांनी ते पुन्हा विचारलं. अण्णानं पुन्हा तेच सांगितलं. यात बराचसा वेळ गेला. मग आप्पांनी सांगलीचं सांगितलं: जागा तात्पुरती आहे, राहायची सोय वसतिगृहात आहे, पाठवावी का?

अण्णाचा आवाज खरखरत आला. तो म्हणाला, “मी इथनं काय सांगू आप्पा? मला काय कळतंय. तुम्हीच बघा.”

लाइन तुटली. आप्पांनी रिसीव्हर लगेच ठेवला नाही. तसाच कानाशी धरून ते गाठोड्यांकडे बघत राहिले. तोवर मी चकलीचा एक तुकडा हातात धरला होता आणि तो खायचा की ठेवायचा हे मला ठरवता येत नव्हतं. व्यापाऱ्यांनी विचारलं, “काय म्हणाला?”

आप्पांनी रिसीव्हर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला सगळं ऐकू आलं होतं हे त्यांना ठाऊक होतं.

“जा म्हणाला,” ते म्हणाले.

सांगलीच्या वसतिगृहात माझ्या खोलीला आतून कडी होती. पहिल्या रात्री मी ती तीन वेळा लावली आणि काढली. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आले, तेव्हा पेटी खाली ठेवायच्या आधी मी आप्पांच्या मनगटाकडे बघितलं. कड्यावर चोवीसच्या जागी असलेला त्रिकोण तबकडीच्या बरोबर बारावर होता. चौथा काटा आणि बाकीचे काटे एकच वेळ सांगत होते. मला वाटलं, आप्पांनी नाद सोडला.

अव्वानं स्वयंपाकघरात सांगितलं, की नाद सोडला नाही. संध्याकाळी आता काही बोलत नाहीत. सकाळी बोलतात. सकाळचा भोंगा झाला की मनगट बघतात आणि म्हणतात, “उठली.”

“फिरवून फिरवून बसवलंया तुज्यासाटी,” अव्वा म्हणाली. “आर्दा दिवस लागला.”

सांगली आणि सोलापूर यांच्या वेळेत काहीही फरक नाही.